आत येऊ का?

मंडळी, निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवले होते, की गुडघे साथ देतात तोवर लांबचे प्रवास आधी उरकायचे. त्यातलाच 2019 मधला एक प्रवास फिजीचा. तिथला निळा समुद्र तुम्ही फोटोत पाहिला असेल. मी सांगणार आहे तो एका गावात घालवलेल्या तासाभराविषयी, आणि त्या तासामागच्या इतिहासाविषयी.

विती लेवू हे फिजीचे सर्वांत मोठे बेट. तिथल्या सिंगाटोका नदीच्या खोऱ्यातले एक गाव पाहायला निघालो. ड्रायव्हर साठीचा, घरी हिंदी बोलणारा, भारतातून आलेल्या मजुरांची चौथी पिढी. वाटेत बाजारात गाडी थांबवून त्याने मला वाळलेल्या मुळांची जुडी विकत घ्यायला लावली. "याच्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही," तो म्हणाला. वेशीवर त्याने माझी टोपी आणि गॉगल उतरवायला सांगितला आणि आम्हा दोघांच्या कमरेला 'सुलू' नावाचे लुंगीसारखे वस्त्र गुंडाळायला लावले.

त्या मुळांना फिजीयन लोक 'यंगोना' म्हणतात, बाहेरचे जग 'कावा'. मिरी आणि विड्याचे पान ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पती. पाहुण्याने ती जुडी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवायची, या विधीला 'सेवूसेवू' म्हणतात. आपल्या 'सेवा' या शब्दाशी त्याचे नाते नाही. त्याचा भाव एवढाच, की मी तुमच्या दारात आलो आहे, आत येऊ का?

आम्ही चटईवर मांडी घालून बसलो. ड्रायव्हरने जुडी पुढे सरकवली आणि मान खाली घालून अस्खलित फिजीयन भाषेत आम्ही कोण, कुठले, कशासाठी आलो ते सांगितले. वडीलधाऱ्यांनी जुडीला हात लावून उत्तर दिले आणि बसलेल्यांनी एका लयीत टाळ्या वाजवल्या. मला आपल्या कोकणातले ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणे आठवले. इथे 'होय महाराजा'च्या जागी टाळ्या होत्या. मग 'तानोआ' या लाकडी भांड्यात मुळांची पूड पाण्यात कालवून गाळली आणि करवंटीतून एकेकाला दिली. आधी एक टाळी वाजवायची, एका दमात प्यायचे, मग तीन टाळ्या. चव चिखलाच्या पाण्यासारखी, आणि दोन मिनिटांत जीभ बधिर! जन्मभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे कारण ठाऊक होते, तरी दचकलोच.

पण मनात राहिले ते वेगळेच. आमच्या वतीने परवानगी मागणारा माणूस त्याच देशात जन्मलेला होता. मग तोही पाहुणाच का? याचे उत्तर इतिहासात आहे.

10 ऑक्टोबर 1874 रोजी थाकोम्बाऊ आणि इतर प्रमुखांनी फिजी ब्रिटनच्या हवाली केले. 1875 मध्ये गोवराची साथ आली आणि सुमारे 40,000 फिजीयन दगावले. त्याच वर्षी सर आर्थर गॉर्डन गव्हर्नर म्हणून आला. त्याआधी तो मॉरिशसचा गव्हर्नर होता. भारतीय मजुरांवर चालणारे उसाचे मळे त्याने तिथे पाहिले होते. त्याने दोन गोष्टी ठरवल्या. फिजीयनांची जमीन विकू द्यायची नाही आणि त्यांना मळ्यांवर ओढायचे नाही, ही एक. ऊस पिकवायला भारतातून मजूर आणायचे, ही दुसरी. पहिल्या निर्णयाने फिजीयन समाज तगला. त्याची किंमत दुसऱ्या निर्णयातून आपल्या माणसांनी मोजली.

14 मे 1879 रोजी 'लिओनिडास' हे पहिले जहाज फिजीला पोहोचले. 1916 पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे आली. पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'वर, आलेली. त्या शब्दाचेच 'गिरमिट' झाले. फुकट परतीचे तिकीट दहा वर्षांनी. फिजी कुठे आहे हेही अनेकांना माहीत नव्हते. 'यांना आणू का?' असे फिजीयनांना कुणी विचारले नाही, आणि 'जाता का?' असे या मजुरांनाही कुणी धडपणे विचारले नाही.

गिरमिटियांत मराठी माणसे थोडीच. पण ही प्रथा बंद करावी असा ठराव मार्च 1912 मध्ये कायदेमंडळात मांडला तो आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी बहुमताने तो फेटाळला. 1915 मध्ये गोखले गेले. उरलेले करार रद्द झाले 1 जानेवारी 1920 रोजी. मुलांनो, गोखल्यांचे नाव तुम्ही गांधीजींचे गुरू म्हणून ऐकले असेल. हेही लक्षात ठेवा.

परतताना ड्रायव्हर बोलू लागला. फिजीतली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन आजही फिजीयन कुळांची आहे. त्याच्या वडिलांचा ऊस भाडेपट्ट्याच्या जमिनीवर होता. 1976 च्या कायद्याने मिळालेले तीस वर्षांचे पट्टे 1997 पासून संपू लागले. त्यांचा पट्टा पुन्हा मिळाला नाही. घर सोडावे लागले, आणि याने टॅक्सी घेतली. "राग येत नाही?" मी विचारले.

"जमीन त्यांची होती. घाम आमचा होता. दोन्ही खरं आहे," तो म्हणाला.

14 मे 1987 रोजी, म्हणजे 'लिओनिडास' आले त्याच तारखेला, लष्करी अधिकारी सितिवेनी राबुका यांनी बंड करून सरकार उलथवले. त्यानंतर हजारो भारतीय देश सोडून गेले. मे 2023 मध्ये त्याच राबुकांनी, आता निवडून आलेले पंतप्रधान म्हणून, जाहीर माफी मागितली. ती बातमी वाचताना मला तो ड्रायव्हर आठवला. माफीने त्याचे शेत परत येणार नाही. पण विचारायचे राहून गेले होते, ते कुणीतरी उशिरा का होईना बोलले.

आता थोडे स्वतःविषयी. अमेरिकेत येताना मी व्हिसा अधिकाऱ्याची परवानगी घेतली आणि निश्चिंत झालो. इथल्या कितीतरी राज्यांची आणि नद्यांची नावे मूळ रहिवाशांच्या भाषांतली आहेत. ती माणसे कोण, ती कुठे गेली, हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारले नाही. आपल्याकडे घर बांधण्याआधी भूमिपूजन करतात. इथे घर घेतले तेव्हा मी वास्तुशांतीही केली. पण जमिनीची चौकशी फक्त बँकेच्या कागदांपुरती. आता या वयात वाचायला सुरुवात केली आहे. तुम्ही माझ्याइतका उशीर करू नका.

फिजीत दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते. गिरमिटियांच्या पणत्या आता साऱ्या देशाच्या झाल्या आहेत. तुम्हा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!