माऊसच्या युगातील कळफलक : मेनू-संचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाच्या पडद्यावरील मेनू उघडणे, सेटिंग्ज बदलणे ही कामे माऊसनेच करावयाची असतात, असा समज रूढ आहे. वस्तुतः कळफलकाचा मार्ग माऊसच्या बरोबरीने आखला गेला, काही काळ हेतुपुरस्सर अडविला गेला आणि पुढे हक्क म्हणून मान्य झाला. या वाटचालीचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन भूमिका :
९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताशी माऊस, डाव्या हाताशी पाच कळांचा लहान संच आणि समोर नेहमीचा कळफलक होता. माऊस हा कळांचा पर्याय नव्हे, तर जोडीदार, अशीच ही मांडणी होती.

जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीने मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा चित्र पालटले. त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाच ठेवलेल्या नव्हत्या. वापरणाऱ्याने माऊस हाती घ्यावा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जुनी धाटणी सोडावी, हा त्यामागील हेतू होता. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये त्या कळा परत आल्या.

याउलट, आयबीएम पद्धतीच्या अनेक संगणकांना त्या काळी माऊस नव्हताच. त्यामुळे नोव्हेंबर १९८५ मधील विंडोजची पहिली आवृत्ती केवळ कळांनीही चालविता येत असे. १९८७ मध्ये आयबीएमने ‘कॉमन युजर ॲक्सेस’ ही नियमावली प्रसिद्ध केली. मदतीसाठी एफ १, मेनूपट्टीसाठी एफ १०, खिडकी बंद करण्यासाठी ऑल्ट व एफ ४ या कळा तीतून रुळल्या. एका प्रोग्रॅममध्ये शिकलेली कळ दुसऱ्यातही चालावी, हे तिचे सूत्र होते. मेनूतील शब्दाचे एक अक्षर अधोरेखित करून तीच त्याची कळ ठरविण्याची पद्धतही याच काळात स्थिरावली.

सोयीकडून हक्काकडे :
डॉसच्या पडद्यावर केवळ अक्षरे असत. ती वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर प्रणाली दृष्टिहीनांना उपयोगी पडे. चित्रमय पडदा आल्यावर हा आधार डळमळला. टेड हेंटर या दृष्टिहीन तंत्रज्ञाच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी तयार केलेली ‘जॉज’ प्रणाली १९९५ मध्ये विंडोजसाठी उपलब्ध झाली. तथापि, पडदा बोलू लागला तरी न दिसणाऱ्या चिन्हावर माऊसचा बाण नेणे अशक्यच होते. टॅब, ऑल्ट आणि बाणांच्या कळा हाच तेथे एकमेव मार्ग ठरला. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये एका वेळी एकच कळ दाबू शकणाऱ्यांसाठी ‘स्टिकी कीज’ची सोय अंतर्भूत होती. डिसेंबर २००८ च्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनी सर्व कार्ये कळफलकाद्वारे करता आली पाहिजेत, हा निकष मूलभूत स्तरावर ठेवला. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेस कायद्याचे अधिष्ठान दिले.

या प्रवासात एक विसंगतीही आढळते. विंडोज २००० पासून अधोरेखित अक्षरे ऑल्ट कळ दाबेपर्यंत लपविली जाऊ लागली. पडदा नीटस झाला. परंतु मार्ग अस्तित्वात असूनही नवागतास त्याचा पत्ता लागेनासा झाला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कळफलकाचा मार्ग तंत्राच्या मर्यादेतून टिकला आणि समतेच्या आग्रहातून दृढ झाला. तो बंद करणे वा खुला ठेवणे, हा प्रत्येक वेळी रचनाकाराचा निर्णय होता. अध्यापनासही हे लागू पडते. ‘येथे क्लिक करा’ एवढेच सांगणारा पाठ दृष्टिहीन विद्यार्थ्याला वर्गात बसवूनही वर्गाबाहेर ठेवतो. म्हणून महाविद्यालयीन संगणक प्रशिक्षणात प्रत्येक कृतीची कळ सांगणे, ही औपचारिकता न मानता अध्यापनाचा भाग मानणे आवश्यक आहे.