तारकर्लीचं प्री-वेडिंग आणि फ्रेमबाहेरची करवली

प्री-वेडिंग शूट हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाईड पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि दुसरा विचारतील तो साधनांचा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे : होऊ शकतो. दुसऱ्यापाशी मात्र थांबायला हवं. बहुतेक जण तयार फोटो गोळा करायला लागतात आणि तिथेच अडकतात.

समजा, तुम्ही तारकर्ली निवडलीत. मालवणपासून सात-आठ किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, पुढे देवबागला दोन्हींचा संगम. सुरूची झाडं, हाउसबोट, मालवणकडे गेलं की सिंधुदुर्ग किल्ला. इन्स्टाग्रामवर इथली शंभर जोडपी शोधा. वाऱ्यावर उडणारा लांब गाऊन, होडीच्या टोकावर बसलेले दोघे, वरून ड्रोनने टिपलेली दोन माणसं आणि भोवती नुसतं पाणी. शंभर फोटोंमधून तुम्हाला फॅशन कळेल. लग्नाबद्दल फारसं काही कळणार नाही, कारण फोटोतून बाकीची माणसं काढून टाकणं हेच या शूटचं काम आहे.

म्हणून परवानगी घेऊन एखाद्या जोडप्याबरोबर दिवसभर जा. पहाटे निवास-न्याहारीच्या खोलीत मेकअप सुरू होतो तिथपासून. मग दिसेल की ‘दोघांचं’ शूट सात-आठ जणांचं असतं. फोटोग्राफर, त्याचा हाताखालचा मुलगा, ड्रोनवाला, मेकअप करणारी, होडीवाला. आणि बहुतेक वेळा एक मुलगी : नवरीची धाकटी बहीण, मामेबहीण, नाहीतर मैत्रीण. सेफ्टी पिना तिच्याकडे, दोघांचे मोबाइल तिच्याकडे, चपलाही तिच्याच हातात. गाऊनचा घेर वर उडवून फ्रेमबाहेर पळायचं काम तिचं. घरून आईचा फोन आला की उचलायचा तोही तिनेच.

मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाची मध्यवर्ती व्यक्ती ही मुलगी आहे.

आपल्या लग्नात सोबत जाणाऱ्या बाईला जुनी नावं आहेत. दिवा घेऊन मागे उभी राहते ती करवली. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. पण लग्न ठरल्यापासून लागेपर्यंतच्या काळात सोबत करणारीला वेगळं नाव नाही. का नाही, याचं कारण शोधायला तुम्हाला कॅमेऱ्याच्या बऱ्याच मागे जावं लागेल.

1873 साल घ्या. त्या वर्षी रमाबाईंचं न्या. महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. त्या अकरा वर्षांच्या होत्या, रानडे तिशी ओलांडलेले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक त्या काळातलं लग्न आतून दाखवतं. अशा लग्नात ‘ठरल्यानंतरचे दिवस’ मुलीचे कसे असणार? ते वडीलधाऱ्यांच्या बोलणीचे आणि याद्यांचे दिवस. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्न लावायला सुरुवात केली. फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून वचन मागते. दोघांनी आधी एकमेकांना काही विचारायचं असतं, ही कल्पना तेव्हा केवढी नवी होती बघा!

पुढे 1929 चा शारदा कायदा आला : मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा आणि एकवीस झालं. कायद्याने लगेच सगळं बदललं असं मी म्हणत नाही, तसं लिहूही नका. पण वय वाढलं, मुली कॉलेजात आणि नोकरीत गेल्या, तेव्हा साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये दोन मोठ्या माणसांचा असा एक काळ तयार झाला. तो रिकामा सोडायचा नाही म्हणून सिनेमाला धाकट्या भावाला बरोबर पाठवायचं. तुमच्या घरातही असा एखादा मामा असेल, ज्याने आईबाबांच्या मध्ये बसून पिक्चर पाहिलाय. त्याची मुलाखत घ्या, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

तारकर्लीतली ती मुलगी या मामाची वारस आहे. घरच्यांच्या दृष्टीने ती राखण करायला आलीय, जोडप्याच्या दृष्टीने मदतीला. दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच अंगावर. आईला ती काय सांगते आणि काय सांगत नाही, यातून तुम्हाला या काळाची हद्द कळेल.

फोटोचीही जागा बदलली. पूर्वी स्थळ पाहताना मुलीचा एकटीचा फोटो जायचा. जोडीचा निघायचा तो लग्न लागल्यावर, स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर. (या पडद्यांवर ख्रिस्तोफर पिन्नी यांचं 1997 चं ‘कॅमेरा इंडिका’ वाचा. मध्य प्रदेशातल्या नागद्याचे स्टुडिओ आहेत त्यात.) आता जोडीचा फोटो लग्नाच्या आधी निघतो. कित्येक कार्यालयांत अंतरपाट धरायच्या आधीच पाहुण्यांनी स्क्रीनवर दोघांना एका होडीत पाहिलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. व्हिएतनाममध्ये लग्नाआधीचा अल्बम आता रुळलेली गोष्ट आहे. हनोईच्या तळ्याकाठी आओ झायमध्ये, पांढऱ्या गाऊनमध्ये जोडपी उभी असतात आणि लग्नाच्या दिवशी मोठा फोटो दाराशी लावतात. 1986 नंतर तिथली अर्थव्यवस्था खुली झाली, त्यानंतर हा व्यवसाय फोफावला. तैवानवर बॉनी एड्रियन यांचं ‘फ्रेमिंग द ब्राइड’ (2003) आहे. तुलना करायची तर पोशाखांची करू नका. सोबत कोण जातं, पैसे कोण देतं आणि फोटो कोणाला दाखवायचे असतात, हे विचारा.

आपल्याकडे विरोधही झाला, आणि तोही साधन आहे. 2019 मध्ये भोपाळमध्ये जैन, गुजराती आणि सिंधी समाजांच्या संघटनांनी प्री-वेडिंगवर बंदी जाहीर केल्याच्या बातम्या आल्या. 2025 मध्ये महाराष्ट्रात मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची जी आचारसंहिता मांडली गेली, तिच्यातही हा मुद्दा होता. खर्चाचं कारण खरंच आहे, कर्ज काढून शूट करणारी घरं आहेत. पण दुसरं कारण नीट ऐका : लग्न मोडलं तर? हा प्रश्न जवळजवळ नेहमी मुलीच्या नावाने विचारला जातो.

आणि तो तुम्हालाही लागू आहे. शूटनंतर लग्न मोडू शकतं. तेव्हा तुमच्या वहीत त्या दिवसाच्या नोंदी असतील, कदाचित फोटोही. म्हणून संमती एकदा घेऊन भागत नाही. शूटआधी घ्या, लग्नाच्या तारखेनंतर पुन्हा घ्या, आणि दोघांकडून वेगवेगळी घ्या. मुलीने नको म्हटलं तर नोंद काढून टाका, प्रकरण कितीही चांगलं उतरलेलं असो. गावाचं नाव, शूटची तारीख आणि गाऊनचा रंग एकत्र लिहिलात तर ओळख पटते, नाव बदलून उपयोग नाही.

आता थोडं कामाचं. व्हॉट्सअपवरून साध्या फोटोसारखे आलेले फोटो घेऊ नका, त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती पुसलेली असते. मूळ फाइल मागा. देवबागजवळच्या वाळूच्या पट्ट्यावरचं शूट असेल तर त्या दिवशीच्या भरती-सुकतीच्या वेळा बघा. पट्टा पाण्याखाली जायच्या आत आटपायचं असतं, त्यामुळे दिवसाचं वेळापत्रक फोटोग्राफरपेक्षा होडीवाला ठरवतो. त्याच्याशी बोला. इथले बरेच होडीवाले मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत, पर्यटकांच्या हंगामाचा त्यांचा हिशेब वेगळा प्रबंध होईल.

करवलीशी मात्र शूटच्या दिवशी बोलू नका, तिला वेळच नसतो. दोन-तीन दिवसांनी फोन करा. तू आपणहून आलीस की तुला पाठवलं? आईला काय सांगितलंस? तुझ्या वेळी कोण येईल? आणि तिच्या मोबाइलमधले फोटो बघू देते का ते विचारा : ओला झालेला घेर, वैतागलेला नवरा, वडापाव खाणारी नवरी. फोटोग्राफर हे कोणाला देत नाही. हे विचारायचं ते लग्नाच्या आधी, कारण हळदीचे व्हिडिओ यायला लागले की फोनमध्ये जागा करण्यासाठी तीच गॅलरी पहिली साफ होते.