आतड्यांचा दाह आणि जीवनसत्त्वांची कमतरता

अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स डिसीज या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या विकारांत पोटभर जेवूनही कुपोषण होऊ शकते. ब-१२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि क्रोन्समध्ये बहुधा हाच भाग बाधित होतो. शस्त्रक्रियेत तो २० सेंटिमीटरहून अधिक काढला गेल्यास ब-१२ बाहेरून, बहुधा इंजेक्शनाने, द्यावे लागते. शाकाहारी रुग्णाने त्रास होतो म्हणून दूध-दहीही सोडले, तर आहारातील ब-१२चा स्रोतच आटतो.

सल्फासॅलाझिन या औषधामुळे फोलिक आम्लाचे शोषण घटते. मात्र केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि ब-१२अभावी होणारी मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे या लक्षणांकडे दुर्लक्ष झाल्यास ती कायमची ठरू शकते.

छत्रपती संभाजीनगरसारख्या भरपूर उन्हाच्या शहरातही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत त्यामुळे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणून ब-१२, फोलिक आम्ल, ‘ड’ आणि लोह यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी. पोट शांत असतानाही ती टाळू नये.