काडतूस, ठासणीच्या बंदुकीचे

ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, तिच्या एका बारास पुरेल इतकी दारू आगाऊ मोजून ज्या नळकांड्यात अथवा कागदी पुडीत ठेवतात, त्यास काडतूस म्हणतात. हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. पुढे मागून भरावयाच्या पितळी काडतुसासही तेच नाव राहिले. येथे विचार केला आहे तो जुन्या प्रकाराचा. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात परांडा व नळदुर्ग हे तोफांचे किल्ले असल्याने या विषयास तेथे स्थानिक इतिहासाची जोड मिळते.

सोरा, कोळसा व गंधक (सु. ७५ : १५ : १०) यांची काळी दारू कमी पडली, तर गोळी टप्प्याआधीच पडते, फार झाली, तर नळी फुटून बंदूकधाऱ्याचाच हात जातो. दुसरा धोका याहून वाईट. मागील बाराची ठिणगी नळीत धुमसत राहिली आणि शिंगातून थेट दारू ओतली, तर नळीतल्या दारूबरोबर हातातले सबंध शिंग पेट घेते. म्हणून एका बाराची दारू वेगळ्या मापात काढून मगच ओतण्याची रीत पडली. तोडेदार बंदूक वापरणाऱ्याच्या हाती तर सतत जळता तोडा असे. कानावरची रंजक वेगळ्या लहान डबीत व मुख्य दारू शिंगाच्या किंवा चामड्याच्या बारूददानात ठेवीत. सतराव्या शतकातील यूरोपीय बंदूकधारी खांद्यावरील पट्ट्यास मोजलेल्या दारूच्या लाकडी कुप्या, बहुधा बारा, अडकवीत. या कुप्या चालताना खडखडत आणि रात्रीच्या हालचालीत घात करीत. त्यांची जागा कागदी पुडीने घेतली व या पुड्या कमरेच्या तोसदानात जाऊ लागल्या.

तोफेला हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर लागू होते. तिची दारू लांब दांड्याच्या पळीने किंवा कापडी पिशवीतून भरीत. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रचंड तोफ परांडा किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. सु. ७० सेंमी. व्यासाच्या तोंडाची ही तोफ अंदाजाने भरणे म्हणजे बुरुजासह गोलंदाजांचा जीव पणास लावणे होते.

पायदळात कागदी काडतुसाने खरा फरक पाडला तो वेगाचा. पुडी फाडणे, ओतणे, ठासणे या क्रिया कवायतीने अंगवळणी पडल्यावर चकमकीच्या बंदुकीतून मिनिटास दोन-तीन बार निघू लागले. तोडेदार बंदुकीस ते साधणे शक्य नव्हते. दक्षिणेत ही कवायत फ्रेंचांनी निजामाच्या फौजेत रुजविली. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेत आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याचे गारदी मराठ्यांकडून लढले. उदगीर व औसा हा मुलूख १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होता.

या सोयीची एक किंमत होती व तिच्याकडे लष्करी इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. शिंगातली दारू बंदूकधारी स्वतः पारखून घेई. काडतूस मात्र कोठारात दुसऱ्या कोणी वळलेले असे आणि शिपायाने ते विश्वासाने दातांनी फाडावयाचे असे. एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसात सु. ४.५ ग्रॅ. दारू व सु. ३४ ग्रॅ. वजनाची गोळी असे. नळीतील आट्यांमधून गोळी सहज उतरावी म्हणून गोळीकडील कागदास चरबी लावीत. ही चरबी गाईची व डुकराची असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथून पसरली. शिपायांनी मेण व तेल स्वतः लावावे, पुडी हातानेच फाडावी अशा सवलती सरकारने दिल्या. तेव्हा संशय कागदाच्या तुकतुकीवर गेला. विश्वास एकदा उडाल्यावर घटकद्रव्ये बदलून तो परत आणता येत नाही, हे अधिकाऱ्यांना उशिरा उमगले. मीरत येथे २४ एप्रिल रोजी ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. विशेष म्हणजे ती जुन्याच पद्धतीची होती. १० मे रोजी तेथे उठाव झाला.

त्या वेळी नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे होता. हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाने तो १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर दिला होता. कादंबरीकार म्हणूनही ख्याती पावलेला फिलिप मेडोज टेलर १८५३ ते १८५७ या काळात तेथील कारभार पाहत होता. १८५७ मध्येच त्याची वऱ्हाडात बदली झाली. १८६० मध्ये नळदुर्ग निजामास परत मिळाले.

मागून भरावयाच्या बंदुका आल्यावर सैन्यातून ठासणीची बंदूक गेली, संस्थानी मुलखातून मात्र नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य रझाकारांकडे ठासणीच्या बंदुका व तलवारीच होत्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तिची दारू आजही काळीच लागते; धूररहित दारू त्याच मापाने भरल्यास नळी फुटते.