बांधावरचा साबण



धुण्याच्या पावडरीचा खर्च तुम्ही कधी मांडून पाहिलाय? खताचा, बियाण्याचा, मजुरीचा हिशेब आपण वहीत ठेवतो. पावडरीची पुडी मात्र वाण्याच्या उधारीत मिसळून जाते. आज त्या पुडीची कुळकथा सांगायची आहे. ती आपल्या बांधावर सुरू होते आणि मुंबईच्या उपनगरांतून फिरून परत आपल्याच दारात येते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हटलं की आज डोळ्यांपुढे लोकल गाड्या आणि इमारती येतात. पण ही मुळात साष्टीतली भातशेतीची गावं. पूर्वेला खाडीलगत मिठागरं, मध्ये डोंगर आणि जंगल. १९५० आणि १९५७ साली टप्प्याटप्प्यानं हा भाग बृहन्मुंबईच्या हद्दीत आला. पावडर येण्याआधी कोकणपट्टीतल्या अशा गावांत धुणं व्हायचं ते रिठ्यानं, राखेनं आणि दगडावर आपटून.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. ते पाण्यात उतरलं की फेस येतो आणि मळ सुटतो. या झाडाचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे हिंदुस्थानचा साबण. परदेशी शास्त्रज्ञांनी ज्याला आपल्या देशाच्या नावानं ओळखलं, ते झाड आपण सरपणासाठी तोडत आलो! सोनार दागिने उजळायला आणि घरच्या बायका पैठणी धुवायला रिठाच वापरत. देशावर रेशमासाठी हिंगणबेटाचा गर चालायचा, शिकेकाई मुख्यतः केसांसाठी.

जाड्याभरड्या सुती कापडाला मात्र राख. चुलीतली राख चाळून मडक्यात भिजवायची आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. त्यात पोटॅशचा खार असतो, तो मळातल्या तेलकटपणाशी संयोग पावतो. केळीच्या खुंटांची राख जास्त जहाल, कारण केळीत पोटॅश भरपूर. परीट भट्टी लावायचे त्यातही खार आणि वाफ हीच दोन हत्यारं.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. मी तसं म्हणणार नाही. माझ्या आजीच्या बोटांची टोकं पावसाळ्यात सोललेली असायची. ती राखेच्या पाण्यानं, दुसऱ्या कशानं नाही. साबण आला तेव्हा सगळ्यांत आधी बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

साबण आला तो बाहेरून. १८८८ साली विलायतेहून ‘सनलाइट’च्या वड्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्या काळच्या साबणात जनावरांची चरबी सर्रास असे, म्हणून पुष्कळ घरांत तो उंबऱ्याच्या आत येत नसे. ही अडचण ओळखली ती आर्देशिर गोदरेज यांनी. कुलपं आणि तिजोऱ्या करणाऱ्या या माणसानं १९१८ च्या सुमारास निव्वळ वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण काढला. पुढे अंगाला लावायचा साबण काढला त्याचं नाव ठेवलं ‘नंबर २’. का, तर दोन नंबर इतका चांगला तर एक नंबर कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं! स्वदेशीचे दिवस होते, माल खपला. १९४० नंतरच्या दशकात गोदरेजांनी घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामधल्या विक्रोळीला जमीन घेतली आणि तिथे त्यांची कारखान्यांची वसाहत उभी राहिली.

दुसरी वाट वर्ध्याहून आली. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. खायचं तेल साबणात घालू नये, कडुनिंब, करंज यांचं अखाद्य तेल वापरावं आणि तो साबण गावातच व्हावा, असा या विचाराचा रोख. १९५७ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. त्याचं मुख्यालय अंधेरीच्या अलीकडे, पार्ल्याला इर्ला भागात आहे. आयोगाच्या उद्योगांत अखाद्य तेल आणि साबण हा एक उद्योग होता. बोरिवलीला शिंपोली रस्त्यावर ग्रामोद्योगाचं शिक्षण देणारं कोरा केंद्र आहे. त्या बाजूला गेलात तर साबणाच्या वर्गाची चौकशी जरूर करा.

तिसरी गोष्ट अंधेरीची. हिंदुस्थान लिव्हर कंपनीची संशोधनशाळा १९६७ पासून तिथे होती. साबणाला लागणारी चरबी आणि तेल यांची तेव्हा देशात ओढ होती. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी करंज, कडुनिंब आणि तांदळाच्या कोंड्याचं तेल साबणाजोगं कसं करावं याचा अभ्यास केला. म्हणजे बघा, करंजाचं झाड तुमच्या बांधावर, कोंडा तुमच्या भाताचा आणि त्यावर डोकं चालवणारी माणसं अंधेरीत! बी गोळा करणाऱ्याच्या पदरात त्यातलं किती पडतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पण तोवर बाजारात वेगळीच वस्तू आली होती. १९५९ साली ‘सर्फ’ पावडर निघाली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, तीच ‘निरमा’. बड्या कंपनीच्या पावडरीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडायची. ही पावडर साबण नव्हे. ती खनिज तेलापासून होणाऱ्या द्रव्याची असते, तिला बांधावरचं काहीच लागत नाही. तिथून रिठ्याची आठवणही मागे पडली.

मग आज यातलं काय घ्यावं? रिठा घ्यावा, राख सोडावी.

साधारण शंभर ग्रॅम रिठ्याची साल, बी काढून, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वीसेक मिनिटं उकळा, गार झाल्यावर चुरून गाळा. बादलीभर कोमट पाण्यात कपभर घालून रोजचे कपडे अर्धा तास भिजवा. फेस कमी दिसला तरी घाबरू नका. विहिरीचं पाणी जड असेल, डाळ लवकर शिजत नसेल, तर साबणाचा चोथा होतो, रिठ्याचा होत नाही. हे पाणी चार दिवसांत आंबतं, म्हणून साल वाळवून ठेवावी आणि लागेल तसं करावं. ग्रीस, डिझेल, फवारणीचे कपडे यांना रिठा पुरत नाही. फवारणीचे कपडे वेगळे ठेवून बाजारच्या पावडरीनेच धुवा. पांढऱ्या कपड्यांना जपून. मी माझा सदरा दाट पाण्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी तो हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखा दिसत होता.

दोन धोके. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर आग होते, पोरांच्या हाती देऊ नका. आणि ते माशांना मारक आहे. जुनी माणसं डोहात रिठा टाकून मासे गुंगवत ते याचमुळे. तेव्हा धुण्याचं पाणी ओढ्यात, शेततळ्यात जाऊ देऊ नका, बांधाकडेच्या झाडांना द्या.

झाड लावायचं तर घाई करून चालत नाही, फळ धरायला सात-आठ वर्षं तरी लागतात. बी काळं आणि फार टणक असतं. कवच दगडावर थोडं घासून, दिवसभर पाण्यात भिजवून मगच पिशवीत टोचा. रोप पुढच्या मृगात बांधावर लावा आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून सांभाळा.