कोरी नव्हे, जुनी!

यंदा गणपतीत बुरोंडीच्या घरी माळा आवरताना काकांची एक सव्वापाच इंची फ्लॉपी सापडली. काका बोटीवर होते. जाऊन बरीच वर्षं झाली. लेबलवर फक्त 'पत्रं, १९८२'.

पुण्यात एका मित्राकडे जुना ड्राइव्ह आहे. फ्लॉपी घातली, तर मशीन म्हणतं कसं, "डिस्क फॉरमॅट केलेली नाही. करू?" एक चुकीचा क्लिक आणि संपलंच असतं सगळं. मित्राने आधी हूबेहूब इमेज काढून घेतली.

आता थोडा इतिहास. १९८१ साली डॉस १.० आलं तेव्हा फ्लॉपीचं माप एकच. ४० ट्रॅक, प्रत्येकी ८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट्स, म्हणजे १६० केबी. १९८२ च्या १.१ ने दुसरी बाजूही वापरली, ३२० केबी झाले. दोनच मापं, ती डॉसला पाठ! १९८३ च्या २.० मध्ये मापं वाढली, हार्ड डिस्क आली. मग डिस्कची मोजमापं तिच्याच पहिल्या सेक्टरमध्ये लिहायची पद्धत पडली. आजचे ड्रायव्हर तो तक्ता शोधतात. काकांच्या फ्लॉपीवर तिथे नुसती शून्यं.

घरातल्या जुन्या पत्रांवर पिनकोड नाही, तसंच हे. वेलणकरांनी आखलेला पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. आधीच्या पत्रांचा पत्ता चुकीचा कसा म्हणणार?

लिनक्सच्या फॅट ड्रायव्हरला ही समज २०१४ साली, ३.१६ आवृत्तीत आली. 'डॉस१एक्सफ्लॉपी' हा पर्याय दिला की तक्ता कोरा असला तरी ड्रायव्हर एकूण आकार बघतो आणि १६०, १८०, ३२० किंवा ३६० केबी असेल तर त्या काळची मापं धरून चालतो.

पण सरसकट नाही हं! तक्त्यात शून्याखेरीज काही दिसलं किंवा आकार जुळला नाही, तर सरळ नकार. आणि पर्याय आपण होऊन मागावा लागतो. कारण चुकीच्या अंदाजावर लिहायला गेलं तर चांगली डिस्क खराब व्हायची. माझ्या मते सहनशील कोड असाच हवा. जुनं ओळखणारा, पण वाट्टेल ते खपवून न घेणारा.

असो. इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली. अकरा फाइली निघाल्या. आजीला लिहिलेली पत्रं, मराठीत, पण रोमन अक्षरांत. पहिलीच सुरू होते, 'ति. आईस सा. न.'

प्रिंट काढून बुरोंडीला पाठवलीत. पाकिटावर पिनकोड आठवणीने घातला.