कपाटाची किल्ली मास्तरांच्या हाती



बडोद्यात ग्रंथालयांवर बोलायचे म्हणजे सयाजीराव महाराजांपासून आरंभ करावा लागतो, आणि तो करताना आपण बहुधा इमारती, ग्रंथसंख्या आणि अमेरिकेहून आणलेले बोर्डनसाहेब यांच्यापाशीच थांबतो. त्याच इतिहासातल्या एका दुर्लक्षित माणसाकडे मला आज वळायचे आहे. तो म्हणजे शाळेचा मास्तर. ग्रंथपालाचे काम त्याच्याकडे कसे आले, ते त्याला कोणी शिकवले, आणि ते शिक्षण विद्यापीठात गेल्यावर मास्तर त्यातून बाहेर कसा राहिला, एवढाच माझा विषय आहे.

१८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू झाला. ग्रंथालयांची निकड त्यातूनच उभी राहिली. मूल चार बुके शिकून शाळेबाहेर पडते आणि घरात वाचायला काहीच नसेल तर थोड्या वर्षांत अक्षरेही विसरते. मग सक्तीवर केलेला खर्च वाया गेला म्हणायचा. महाराजांना हिशेब चांगला कळत असे.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले. हा मनुष्य कटरच्या हाताखाली तयार झालेला. मेल्व्हिल ड्यूईने १८८७ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी जी शाळा काढली, तिच्याशीही त्याचा संबंध होता. ड्यूईची ती शाळा जगातली या प्रकारची पहिली. तिथे त्याने पहिल्याच वर्गात स्त्रियांना प्रवेश दिला म्हणून विश्वस्त रागावले, आणि दोन वर्षांत शाळेला ऑल्बनीला बिऱ्हाड हलवावे लागले. बोर्डन जेमतेम तीन वर्षे इथे होते. तेवढ्या अवधीत त्यांनी महाराजांच्या खासगी संग्रहातून मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धती जुळवून वर्गीकरणाची नवी रीत बसवली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. हिंदुस्थानातला तो पहिला. लाहोरला पंजाब विद्यापीठात ड्यूईचे शिष्य डिकिन्सन यांनी वर्ग काढला तो १९१५ मध्ये. बडोद्याहून १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथालयाच्या कामावर मराठीत लिहिण्याची सवय आपल्या लोकांना लागली ती इथे, हे पुण्यामुंबईच्या मंडळींनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण राजधानीतल्या वर्गात शिकलेले ग्रंथपाल खेड्यात जाणार नव्हते. खेड्यातली व्यवस्था निराळीच होती. लोकांनी वर्गणी जमवायची, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. ग्रंथालय बहुतेक गावच्या शाळेत किंवा धर्मशाळेत, आणि ग्रंथपाल बहुतेक गावचा मास्तर. जिथे एवढेही जमत नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पेटी कोण उघडणार, कोणाला पुस्तक दिले ते वहीत कोण मांडणार, न वाचणाऱ्याला हाताला धरून कोण आणणार? मास्तरच.

ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती मोतीभाई अमीन यांनी. ते स्वतः वसोचे हेडमास्तर. बोर्डन यायच्या आधीच, १९०६ पासून, त्यांनी मित्रमंडळांची वाचनालये काढायला सुरुवात केली होती. पुढे ग्रंथालय खात्यात आल्यावर खेड्यांचा विभाग त्यांच्याकडे गेला. बोर्डन यांच्याकडे तंत्र होते. अमीन यांना माहीत होते की गावात पुस्तकावर विश्वास बसतो तो पुस्तक देणाऱ्या माणसामुळे. कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांमुळे बडोद्याचे नाव बाहेर गेले. पण माझ्या मते चळवळ तगली ती अमीन यांच्या मास्तरी स्वभावामुळे.

इथे बडोद्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. मास्तरावर ग्रंथालय सोपवले ते जादा काम म्हणून. त्याची शाळेतली तासिका कमी झाली नाही आणि ग्रंथालयाच्या कामामुळे त्याचा हुद्दाही वाढला नाही. शिक्षण दिले गेले ते नोंदवही, यादी आणि मांडणी यांचे. मुलाला कोणते पुस्तक केव्हा द्यावे, हे त्याने आपल्या अनुभवावर ठरवायचे.

पुढचा अध्याय मद्रासचा. तोही एका शिक्षकाचाच. रंगनाथन प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून परत शिकवायला घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. ते लंडनला गेले आणि परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी प्रथम मांडले ते १९२८ मध्ये चिदंबरमच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांपुढे. १९२९ मध्ये त्यांनी मद्रासला वर्ग सुरू केला. तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि १९३७ पासून पदवीधरांसाठी वर्षभराची पदविका झाली. ‘स्कूल अँड कॉलेज लायब्ररीज’ हे त्यांचे पुस्तक १९४२ चे.

पदवीधरांसाठी, हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेतही १९२३ च्या विल्यमसन अहवालाने ग्रंथपालाचे शिक्षण पदवीनंतर, विद्यापीठातच व्हावे असे सांगितले होते. व्यवसायाला प्रतिष्ठा मिळायची तर दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण आपल्याकडे त्याचा परिणाम काय झाला? त्या काळचा प्राथमिक शिक्षक व्हर्नाक्युलर फायनल झालेला. पदविकेचे दार त्याला बंद. जो बी.ए. होऊन पदविका घेई तो कॉलेजच्या किंवा सरकारी ग्रंथालयात जाई; तिथेच जागा होत्या. साहजिकच अभ्यासक्रमही कॉलेजच्याच ग्रंथालयाच्या मापाने शिवला गेला. मुंबई, दिल्ली आणि पुढे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही ग्रंथालयशास्त्र शिकवले जाऊ लागले. त्यात वर्गीकरण आले, तालिकीकरण आले, संदर्भसेवा आली. बालवाचन कोपऱ्यात राहिले.

मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये शाळांच्या ग्रंथालयांचे जे वर्णन केले ते वाचून आजही शरम वाटते. जुनी, मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली पुस्तके, अपुरी खोली, आणि देखरेखीला एखादा कारकून किंवा मन नसलेला शिक्षक. त्याच आयोगाने उपायही नेमका सांगितला होता. मोठ्या शाळेत वरिष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा पगार आणि दर्जा असलेला प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा. अध्यापक महाविद्यालयांत प्रत्येक शिक्षकाला ग्रंथालयाच्या कामाची मूलतत्त्वे शिकवावीत, आणि काहींना नियमित पदविका व सुट्टीतल्या उजळणी वर्गांतून अधिक सखोल शिक्षण द्यावे. पहिल्या शिफारशीवर थोडेबहुत काम झाले. दुसरी मात्र कोणीच मनावर घेतली नाही, कारण ती अध्यापक महाविद्यालय आणि ग्रंथालयशास्त्र विभाग यांच्या सीमेवर पडली होती. सीमेवरच्या गोष्टींचे काय होते हे आपल्या बेळगावच्या पाहुण्यांना मी सांगायला नको.

नोकरीतल्या शिक्षकाची सोय खऱ्या अर्थाने झाली ती पत्रद्वारा आणि दूरशिक्षणाने. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने सुरू केली. शनिवार-रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन, रात्री स्वाध्याय लिहून, बी.एड. झालेले शिक्षक बी.लिब. होऊ लागले. दोन्ही पदव्या एकाच माणसाकडे आल्या, पण त्यांना जोडणारा पेपर कोणत्याच अभ्यासक्रमात ठळकपणे आला नाही. वर्गात सहा महिने मागे पडलेल्या पोराला कोणते पातळ पुस्तक हाती द्यावे, ‘पुस्तक आवडले नाही’ म्हणणाऱ्याला पुढे काय विचारावे, हे बी.एड.वाल्यांनी बी.लिब.वर सोपवले आणि बी.लिब.वाल्यांनी बी.एड.वर.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची पाहा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके हवीत, असे तिथे लिहिले आहे. सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर चित्रकला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन शिक्षक हवेत, हेही आहे. ग्रंथपाल हा शब्द त्या अनुसूचीत नाही. म्हणजे किल्ली पुन्हा मास्तरांकडेच आली आहे, आणि तिच्याबरोबर द्यायचे शिक्षण अजून बाकी आहे. ते अध्यापक महाविद्यालयांनी द्यायचे की ग्रंथालयशास्त्र विभागांनी, हे ठरवण्यासाठी दोघांनी एकदा एका टेबलाशी बसावे. बडोद्यात दोन्ही संस्था एकाच विद्यापीठाच्या आवारात आहेत; जायला रिक्षासुद्धा लागत नाही.